ही गोळी काविळीचीच आहे, आई

पत्र

ताई, माझा मोठा भाऊ ट्रक चालवतो. वय ४१. गेल्या दिवाळीच्या सुमाराला त्याला एचआयव्ही निघाला. घरात हे फक्त वहिनीला आणि मला माहीत आहे. सरकारी एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, गोळ्यांची डबी मिळते, रोज रात्री एक घेतो. तेव्हाच्याच तपासणीत हिपॅटायटिस बी पण निघालं होतं, ते त्याने आमच्यापासूनही लपवलं. गेल्या महिन्यात रिपोर्टचा एक सुटा कागद आईच्या हाती लागला. तिने तो शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला आणि तिला कळलं की मुलाला ‘कावीळ बी’ आहे. लिव्हरची सूज दाखवणारं एसजीपीटी आधी ४६ होतं, मग १३२ झालं, आता ७१ आहे. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली आहे.

आमच्याकडे एक जण काविळीचं औषध देतो. नाकात रस, डोक्यावर माळ, प्यायला काढा आणि २१ दिवसांचं पथ्य. त्या २१ दिवसांत इंग्रजी गोळ्या पूर्ण बंद. आई म्हणते, त्या गरम गोळीनेच लिव्हर सुजलंय. दादाही तयार झालाय. मी अडवते, तर आई विचारते, ‘त्या गोळीत असं काय आहे?’ आणि माझं तोंड बंद होतं. आईने दादाचं ताट-वाटी वेगळं काढलंय. वहिनीची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आहे, मुलगा नऊ वर्षांचा आहे. दादाने मोबाइलवर वाचलंय की आता दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन निघालंय, मग गोळीच नको. काय करू?

एक धाकटी बहीण, बार्शी तालुका

उत्तर

ताई,

पुढचं वाचण्याआधी दादांना फोन लावा. गाडीवर असतील तर ढाब्यावर थांबल्यावर बोला. आज रात्रीची गोळी चुकता कामा नये, एवढंच सांगा. २१ दिवस तर सोडाच, एक रात्रसुद्धा नको. बाकी सगळ्यावर सावकाश बोलता येईल, यावर नाही.

आता आईंचा प्रश्न. तो ऐकून तुमचं तोंड बंद होतं, कारण खरं सांगायचं तर एचआयव्हीचं नाव घ्यावं लागेल असं तुम्हाला वाटतं. तसं नाहीये. आईंना सांगा, ‘ही गोळी काविळीचीच आहे.’ हे सांगताना तुम्हाला नजर चोरायची गरज नाही, कारण ते अगदी खरं आहे.

डबीवर तीन नावं असतील, एकदा बघून घ्या: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम, डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. सेंटरवर या गोळीला टीएलडी म्हणतात. तिसरं औषध फक्त एचआयव्हीवर चालतं. पहिली दोन मात्र दोन्ही विषाणूंना धरून ठेवतात. ज्यांना एचआयव्ही नाही, नुसतं हिपॅटायटिस बी आहे आणि औषधाची गरज आहे, त्यांनाही हेच टेनोफोविर देतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतं. म्हणजे दादांना एचआयव्ही नसता, तरी एखाद्या डॉक्टरांनी त्यांच्या ‘कावीळ बी’साठी हेच औषध लिहून दिलं असतं.

मी बरीच वर्षं एआरटी सेंटरवर समुपदेशक होते. ‘ही कसली गोळी?’ या प्रश्नाला घराघरांत दिलेली उत्तरं ऐकली आहेत. शक्तीची, टीबीची, मानेच्या दुखण्याची. एका खोट्याला सहा महिन्यांनी दुसरं जोडावं लागतं, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी म्हणतंच की टीबीच्या गोळ्या एवढी वर्षं नसतात. तुमच्याकडे त्याऐवजी एक खरं कारण आहे, आणि ते वर्षानुवर्षं टिकणारं आहे.

एकाच औषधाने दोन वेगळे आजार कसे धरले जातात, ते थोडं समजून घ्या, कारण दादा तुम्हाला विचारतील. हे दोन विषाणू एकमेकांचे कुणी लागत नाहीत. एक रक्तातल्या संरक्षक पेशींत घर करतो, दुसरा यकृतात. पण आपल्या प्रती काढायची त्यांची एक पायरी सारखी आहे: दोघेही आरएनएवरून डीएनए लिहून काढतात. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन नेमकी तीच लिखाई अडवतात. १९९५ च्या सुमाराला लॅमिव्ह्युडिन एचआयव्हीसाठी आलं, तेव्हा ज्यांना दोन्ही आजार होते त्यांच्या रक्तातला हिपॅटायटिस बीचा विषाणूही उतरताना डॉक्टरांना दिसला. आनंद फार टिकला नाही. बी वर एकट्या लॅमिव्ह्युडिनचाच मारा असला की तो विषाणू त्या औषधाला सरावतो; फ्रान्समध्ये अशा रुग्णांचा पाठपुरावा केला, तर चार वर्षांत दहांपैकी जवळपास नऊ जणांत औषध निकामी झालेलं होतं. म्हणून टेनोफोविरची जोड. त्याला सरावलेला विषाणू सहसा आढळत नाही.

‘गरम गोळी’ हा आईंचा समज हवेतून आलेला नाही, हेही मला सांगायचंय. १ एप्रिल २००४ ला आपल्या देशात फुकट एआरटी सुरू झाली, तेव्हा बहुतेकांच्या गोळीत नेविरॅपिन असे. त्याने काहींच्या अंगावर पुरळ यायचं, काहींच्या यकृताला खरोखर इजा व्हायची. त्या काळातल्या गोष्टी गावोगाव अजून सांगितल्या जातात. दादांच्या डबीत ते औषध नाही.

मग एसजीपीटी ४६ चं १३२ का झालं? पत्रावरून निदान करणं माझं काम नाही, सेंटरच्या डॉक्टरांनाच विचारा. पण एक शक्यता अशी असते की गोळी सुरू झाल्यावर एचआयव्हीने खचलेली प्रतिकारशक्ती काही आठवड्यांत उठून बसते आणि यकृतात लपलेल्या बी विषाणूवर तुटून पडते. त्या झटापटीत यकृताच्या पेशी मरतात आणि आकडा चढतो. मग उतरतो. दादांचा ७१ वर आलाय, तोही गोळी चालू असताना. गोळीने सूज आली असती, तर गोळी रोज पोटात जात असताना ती अशी निम्म्यावर आली असती का, हा प्रश्न आईंनाच विचारून बघा. दुसरी शक्यता दारूची. दादा घेतात की नाही, हे तुमच्या पत्रात नाही. घेत असतील, तर ‘थोडीच’ घेतली तरी या यकृताला ती परवडणार नाही.

गोळी बंद केली तर काय होतं, ते मी पाहिलंय. ऊसतोडीला जाणारा एक माणूस होता, तिशीतला. दोन्ही आजार, गोळी सुरू, तब्येत छान. हंगामाला निघताना तीन महिन्यांच्या डब्या घेऊन गेला. परत आला तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं, विचारलेलं नीट कळत नव्हतं. बायकोने पिशवीतून डब्या काढून टेबलावर ठेवल्या. मी एक उघडली. झाकणाखालचं रुपेरी सील तसंच होतं. दुसरीचंही तसंच. फडावर कुणीतरी सांगितलं होतं की काविळीवर पाला घेतोस तर ह्या बंद ठेव. दाबून धरलेला विषाणू औषध काढल्यावर उसळी मारून वर येतो, आणि यकृत एकदम निकामी होऊ शकतं. आम्ही त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तो परत आला नाही. त्या औषधांच्या माहितीपत्रकात हा इशारा चौकटीत छापलेला असतो, आणि तो त्याला पुरेसा ठासून सांगितला होता का, हा प्रश्न मला अजून पडतो. म्हणून तुम्हाला इतकं ठासून सांगतेय.

‘गोळ्यांना थोडी सुट्टी’ ही कल्पना एके काळी शास्त्रज्ञांनीही नीट तपासून पाहिली होती. ३३ देशांतल्या ५४७२ एचआयव्हीबाधितांचे दोन गट केले. एका गटाला सलग औषध, दुसऱ्याला तपासणीचे आकडे चांगले असतील तोवर सुट्टी. सुट्टीवाल्या गटात आजारपणं आणि मृत्यू इतके जास्त निघाले की २००६ च्या जानेवारीत तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. ज्यांना जोडीला हिपॅटायटिस होता, त्यांना सुट्टी आणखीच महागात पडली.

आता नाव कुठे फसवतं ते. कावीळ हे लक्षण आहे. ताप जसा मलेरियाचा असतो आणि न्यूमोनियाचाही, तशी कावीळ अनेक कारणांनी होते. गावात साथीने येते ती कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई ची, दूषित पाण्यातून पसरणारी. २०१२ साली इचलकरंजीत तिची मोठी साथ आली होती. ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या आठवड्यांत डोक्यावर माळ असेल, तर श्रेय माळेला जातं. माळ वाढत वाढत छातीवर उतरते, म्हणजे कावीळ उतरली, असं सांगतात. त्या माळेतल्या काड्या दोऱ्याच्या सैल फासांत अडकवलेल्या असतात. काड्या वाळून बारीक होतात, फास सुटतात, दोरा लांबतो. ज्याला काहीही झालेलं नाही त्याने घातली तरी ती लांबेल. नाकात कडू रस पिळला की नाकाच्या आतलं अस्तर पोळतं आणि पिवळं पाणी गळतं. ते यकृतातून आलेलं नसतं. दादांना तर ही कावीळच नाही. त्यांचे डोळे पांढरे आहेत. त्यांच्या यकृतात एक विषाणू आहे, ज्याच्या नावात आपल्याकडे ‘कावीळ’ शब्द चिकटलाय, एवढंच.

तरीही आईंशी सगळ्याच गोष्टींवर भांडू नका. त्यांनी पोराचा कागद शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला, त्यात काळजी आहे. माळ घालायची तर घालू द्या, ती अंगाला काही करत नाही. पथ्याचं साधं, बिनतेलाचं जेवण, ताक, फुटाणे, तेही चालू द्या. उसाचा रस मात्र रस्त्यावरचा नको, त्यातला बर्फ कुठला ते कळत नाही आणि ए किंवा ई ची आणखी एक कावीळ दादांच्या यकृताला नको आहे. मनगटावर डाग देऊ देऊ नका. नाकात रस नाही. आणि काढा, चूर्ण, भस्म, पोटात जाणारं काहीही नाही, या एका गोष्टीवर हटून बसा. काविळीच्या औषधांत मंडूर भस्म असतं; मंडूर म्हणजे लोह, आणि लोह पोटात डोल्युटेग्राविरला बांधून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांचंही तेच. ती कधी लागलीच, तर सेंटरची गोळी त्यांच्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यायची. गुळवेलीचा काढा तर आपण निरुपद्रवीच समजत आलो. कोरोनाच्या काळात तो घेतल्यावर यकृत दुखावलेल्या सहा जणांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद मिटेपर्यंत दादांच्या यकृतावर प्रयोग कशाला?

ताट-वाटी. ती आजच परत एकत्र करा. हिपॅटायटिस बी जेवणातून, पाण्यातून, एका तांब्यातून, शेजारी झोपल्याने पसरत नाही. तो रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो, आणि आईकडून बाळाला बाळंतपणात. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि दात घासायचा ब्रश, कारण वाळलेल्या रक्ताच्या कणात हा विषाणू सात दिवससुद्धा तग धरतो. सलूनमध्ये नवं ब्लेड डोळ्यांसमोर लावून घ्यायचं. आईंना अमिताभ बच्चन माहीत असतीलच. १९८२ च्या अपघातानंतर त्यांना जे रक्त चढवलं, त्यातून हिपॅटायटिस बी आला आणि यकृताचा पाऊण भाग गेला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. त्यांचं ताट कुणी वेगळं काढलं असेल का, विचारा.

वहिनींची मला जास्त काळजी वाटते, कारण तुमच्या पत्रात त्यांची एचआयव्हीची तपासणी आहे, बी ची नाही. ती या आठवड्यात करून घ्या. निगेटिव्ह आली आणि आधीचं संरक्षण नसेल, तर लस: आज एक, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. तिसरीनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासायची, म्हणजे लस लागू पडली का ते कळतं. तोवर निरोध. पॉझिटिव्ह आली, तर दादांसारखीच पुढची तपासणी आणि गरज पडली तर औषध. मुलाचं लसीकरण कार्ड शोधा. नऊ वर्षांचा आहे, म्हणजे पेंटाव्हॅलंटच्या तीन डोसांत बी ची लस बहुधा मिळालेली असेल. तरी एकदा रक्त तपासा.

एचआयव्हीच्या बाबतीत वहिनींना एक दिलासा आहे आणि त्यात पुण्याचाही हात आहे. नऊ देशांतली १७६३ जोडपी, एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, असा एक मोठा अभ्यास झाला. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेमार्फत पुण्यातली जोडपीही त्यात होती. २०११ मध्ये निकाल आला: लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढे हेही दिसलं की औषधाने रक्तातला विषाणू मोजण्याच्या खाली टिकून असेल, तर शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही. म्हणून दादांच्या सेंटरच्या पुस्तकात व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे तो आकडा, लिहिलाय का ते बघा, नसेल तर पुढच्या फेरीला विचारा. तोही रोजच्या गोळीवरच टिकतो.

इंजेक्शनबद्दल दादांनी वाचलं ते खरं आहे. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन नावाची दोन औषधं दोन महिन्यांतून एकदा टोचून घेता येतात, आणि कित्येकांसाठी ती फार सोयीची आहेत. पण हिपॅटायटिस बी वर ती काहीच करत नाहीत. डोल्युटेग्राविर आणि लॅमिव्ह्युडिन अशा दोनच औषधांची गोळीही दादांना पुरणार नाही. त्यात टेनोफोविर नाही, आणि एकट्या लॅमिव्ह्युडिनला बी सरावतो. कुणीही कधीही दादांचं औषध बदलायचं म्हटलं, तर पहिलं वाक्य हेच: ‘मला बी पण आहे.’ मूत्रपिंडाचा त्रास निघाला, तर टेनोफोविरचा दुसरा प्रकार मिळतो, म्हणून क्रिएटिनिन वेळच्या वेळी तपासायचं.

बी मुळापासून जाईल का? आजच्या औषधांनी क्वचितच. हा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं एक बंद कडं ठेवून देतो, आणि आजची औषधं त्या कड्यापर्यंत पोचत नाहीत. त्याच्यावरून निघणाऱ्या प्रतीच अडवतात. जगभरातलं संशोधन आता त्या कड्यामागे लागलंय. हिपॅटायटिस सी चं तसं नाही, तो साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या ९५ हून अधिक जणांचा पूर्ण बरा होतो, एचआयव्ही असला तरी. दादांची सी ची तपासणी झालीय का, तेही विचारून ठेवा. शिवाय पोटाची सोनोग्राफी, प्लेटलेट आणि बी विषाणूचा डीएनए. सोनोग्राफी किती महिन्यांनी परत करायची ते डॉक्टर सांगतील. बी मुळे यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ती टाळायची नाही.

गाडीवरची सोय: आठ-दहा दिवसांच्या गोळ्या अंगावरच्या बॅगेत, डॅशबोर्डवर नको, तिथे उन्हाने भट्टी होते. वाटेत संपल्याच तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या एआरटी सेंटरवर आपलं पुस्तक दाखवून विचारता येतं. १०९७ हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

एचआयव्हीबद्दल आईंना सांगायचं की नाही, कधी, हे फक्त दादांनी ठरवायचं. २०१७ च्या कायद्यानेही त्यांच्या संमतीशिवाय हे कुणाला सांगायची मुभा नाही. तुम्हीही सांगू नका, रागाच्या भरात तर नाहीच.

पुढच्या वेळी दादा घरी येतील तेव्हा त्यांचं ताट सगळ्यांबरोबर मांडा. जेवणं झाली की डबी आईंच्या हातात द्या. काविळीची गोळी आहे, रोज रात्री त्यांनीच द्यायची, आणि दादा गाडीवर असतील तेव्हा नऊ वाजता फोन करून विचारायचं.